डेलियामावशीचा तिसरा जागर

आमच्या गॉर्टबॉन गावात टायटॅनिकवरून वाचलेली दोन माणसं आहेत. दुसऱ्या एखाद्या गावात एक जरी असतं, तरी त्यांनी त्याला डोक्यावर घेऊन नाचवलं असतं. आमच्याकडे दोन, आणि दोघंही हट्टी, म्हणून गावाला त्यांचं कौतुक कमी आणि ताप जास्त.

एक डेलिया गॉकन. माझ्या आईची मैत्रीण, म्हणून माझी मावशी. दुसरा फेस्टी रुआन, तो सगळ्या गावाचाच काका. दोघं एकोणीस-वीस वर्षांची असताना एकाच जहाजानं अमेरिकेला निघाली, एकाच रात्री बुडता बुडता वाचली आणि वर्षा-दोन वर्षांच्या फरकानं परत गावात आली. दोघांनी लग्न केलं नाही. घरं समोरासमोर, मध्ये फक्त रस्ता. दर उन्हाळ्यात काका जळणासाठी दलदलीतलं पीट कापून मावशीच्या भिंतीशी रचून ठेवतो. दर शनिवारी मावशी सोड्याची भाकरी भाजून माझ्याकडे देते, 'त्या म्हाताऱ्याला दे, उरलीय.' उरलेली भाकरी अख्खी आणि गरम असते. पण पंचेचाळीस वर्षांत कुणी कुणाचा उंबरठा ओलांडला नाही.

मी ऑनी. दुकान माझं आहे. पुढे चहा-साखर-खिळे, मागे बिअर. मधल्या फळीच्या अलीकडे मावशी येते, पलीकडे काका बसतो. त्यामुळे दोघांच्या गोष्टी ऐकलेली माझ्यासारखी मीच.

आमच्याकडे गोष्टीची एक रीत आहे. ज्याची गोष्ट त्यानं सांगायची, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. आणि त्याच प्रसंगाची गोष्ट ज्याच्यापाशी आहे, त्यानं दुसऱ्याची ऐकत बसायचं नाही, सरळ उठून जायचं. नाहीतर गोष्टीत गोष्ट मिसळते, आणि मिसळलेली गोष्ट म्हणजे पाणी घातलेलं दूध. शिवाय पहिल्यांदा सांगितली तीच गोष्ट खरी. पुढे हिमनग वाढला तर चालतं, पण नवा प्रसंग आत घुसवायचा नाही.

हिमनग तर वाढलाच. मी लहान होते तेव्हा काकाच्या गोष्टीत तो चर्चच्या मनोऱ्याएवढा होता. आता नेफिन डोंगराएवढा झालाय.

"काका, बर्फ वितळतो हो. वाढत नाही," मी एकदा म्हटलं.

"तुझ्या दुकानातला वितळत असेल," काका म्हणाला.

मावशीच्या गोष्टीत तिच्या होडीत एक श्रीमंत बाई आहे, मांडीवर कुत्रं घेतलेली. मावशीनं जपमाळ काढली तशी ती म्हणाली, आम्ही प्रॉटेस्टंट. मावशी म्हणाली, "बाई, ते समुद्राला ठाऊक नाही." थोड्या वेळानं बाई जप म्हणत होती. कुत्रंही म्हणत होतं, असं मावशी सांगते, आणि 'नाही' म्हणायची गावात कुणाची हिंमत नाही.

पण दोन्ही गोष्टींना एक भोक होतं, आणि तेही एकाच जागी. मावशी सांगायची, "फेस्टीनं मला हाताला धरून होडीपर्यंत नेलं." मग पदर चाचपावा तसा एप्रन चाचपायची, आणि एकदम, "होडी खाली सोडली." काका सांगायचा, "डेलियाला होडीशी आणलं." मग ग्लास उचलायचा, एक मोठा घोट, आणि "मग मी पाण्यात." त्या एप्रनात आणि त्या घोटात काय बुडालंय ते मला हवं होतं. आणि मला घाई होती, कारण मावशी निघाली होती.

बॉस्टनच्या भाचीनं तिला कायमचं बोलावलं होतं. घर विकायला काढलं होतं, विमानाचं तिकीट आलं होतं. "या वेळी वरून जाते," मावशी म्हणाली, "बघू तिथे काय आडवं येतंय." गावानं तिचा जागर ठरवला. अमेरिकेला जाणाऱ्याचा आम्ही जागर करतो, मेलेल्या माणसाचा करतात तसाच. गेलेलं माणूस परत दिसत नाही, तर रडून-नाचून आधीच मोकळं व्हावं. मावशीचा हा तिसरा. पहिला ती एकोणीस वर्षांची असताना झाला. दुसरा जहाज बुडाल्याची बातमी आली तेव्हा, पलंगावर तिची शाल ठेवून. ती जिवंत असल्याचं नंतर कळलं. "दुसऱ्या जागराला म्हणे हॅम फार छान होतं," ती अजून हळहळते. "आणि मी नेमकी नव्हते."

काकाला जागराचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरं." मग तासभर रिकामा ग्लास पुढ्यात घेऊन बसला. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

अशात डब्लिनहून रेडिओवाला आला. काहल नावाचा पोरगेलासा गृहस्थ, सोबत पेटीएवढं रेकॉर्डिंगचं यंत्र. त्याला दोघांच्या हकिगती हव्या होत्या. मावशीनं घरात वीज घेतलेली नाही, "भिंतीत आग कोंडून मी झोपायचं होय?" म्हणते. तेव्हा यंत्र माझ्या दुकानात मांडलं. रविवारी प्रार्थनेनंतर मावशी आली. मी बाहेर गिऱ्हाइकं अडवून धरली. खूप वेळानं ती बाहेर आली, नाक लाल झालेलं.

"झालं सांगून?"

"झालं. फार शहाणं आहे गं ते यंत्र. मान डोलावत नाही, उसासे टाकत नाही, आणि त्याला गावभर सांगत फिरायला तोंड नाही."

मावशीला रेडिओ म्हणजे काय ते कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकाची पाळी. तो दाढी करून, रविवारचा कोट घालून आला. मागच्या बाजूला चार-पाच जण नेहमीचे बसले होते. काहल म्हणाला, "थांबा, यंत्र नीट चालतंय का बघतो," आणि त्यानं कालचीच टेप लावली.

मावशीचा आवाज दुकानभर झाला. "...फेस्टीनं मला हाताला धरून होडीपर्यंत नेलं..."

सगळे जागच्या जागी गार. डब्लिनच्या माणसाला आमच्या रीती काय माहीत! काका टोपी उचलून दाराकडे निघाला. उठून जायलाच हवं होतं त्यानं. दारापर्यंत पोचला आणि आवाज पुढे गेला.

"आता जातेच आहे तर सांगते. तिथे त्यानं मला विचारलं, वाचलो तर लग्न करशील का. मी हो म्हटलं. त्यानं आपली टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली, म्हणाला, ही माझी निशाणी. घरी आल्यावर पहिल्यांदा सांगायची वेळ आली तेव्हा फादर समोर खुर्चीत बसलेले. त्यांच्यासमोर मला लाज वाटली, मी तेवढं गाळलं. म्हटलं, तो आला की तोच सांगेल. तो आला, आणि त्याच्याही गोष्टीत ते नाही, असं लोकांनी सांगितलं. मग मी समजले, माणूस बुडताना काय वाट्टेल ते विचारतो. कोरड्या जमिनीवर त्याला ते नको असेल."

काका दारात उभा होता, एक पाय आत, एक बाहेर. पाठ आमच्याकडे.

"बंद करू?" काहल घाबरून म्हणाला.

"हात तर लावून बघ यंत्राला," मी म्हटलं.

टेप संपली तरी काका हलला नाही. मग भिंतीशी बोलावं तसं म्हणाला, "मी परत आलो तेव्हा याच लोकांनी मला सांगितलं, डेलियाच्या गोष्टीत तू होडीपर्यंत आहेस, पुढे काही नाही. म्हटलं, तिनं शब्द मागे घेतला. मग मी कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून मीही गाळलं."

नेहमीचे चार-पाच जण आपापल्या ग्लासात बघू लागले. त्यांच्यातल्या दोघांनी तरी तेव्हा इकडचं तिकडे केलं होतं. मला इतका राग आला आणि इतकं हसू आलं की दोन्ही एकदमच डोळ्यांतून आलं. दोन माणसं बर्फाच्या समुद्रातून सुखरूप आली आणि आमच्या शिष्टाचारात बुडाली!

"काका, जा," मी म्हटलं.

"जाऊन काय सांगू?"

"सांगू नका. विचारा."

तो रस्ता ओलांडून गेला. मी साखरेचा पुडा उचलून मागोमाग गेले, मावशी तो विसरली होती म्हणून. विसरली नव्हती, पण एवढं तर देवालाही चालत असेल.

मावशीचं अर्धं दार लावलेलं होतं, वरची फळी उघडी. आत ट्रंक भरणं चाललेलं.

"डेलिया, मी तुझी गोष्ट ऐकली."

मावशी ताडकन उभी राहिली. "ऐकलीस? दुसऱ्याची गोष्ट? लाज नाही वाटली?"

"एक पाय बाहेर होता."

"कुठला?"

"डावा."

"तो त्या पाण्यात गारठल्यापासून बधिरच आहे तुझा! तो बाहेर असून काय उपयोग?"

काका दाराच्या फळीला धरून उभा होता. "डेलिया, मला वाटलं तुला नकोय. आता मला कळलंय. परत विचारतो."

"काही विचारू नकोस." मावशीनं ट्रंकेत हात घातला. कपड्यांच्या वरच एक जुनी लोकरी टोपी होती, मिठानं पांढरी पडलेली. तिनं ती काढली आणि त्याच्या छातीवर आदळली. "एकदा हो म्हटलं होतं ना? ते काय भाकरी आहे शिळी व्हायला? उभा काय राहिलास, आत ये. आणि ऑनी, तो साखरेचा पुडा मी मागितला नव्हता, पण आणलायस तर चहा टाक."

त्यानं उंबरठा ओलांडला. मी चहा टाकला, आणि स्टोव्हपाशी उभी राहून पोटभर रडून घेतलं. मला फार आनंद झाला होता.

बॉस्टनच्या भाचीला तार केली. रेडिओवाल्याला मी दम भरला, आणि त्यानं तेवढा तुकडा कापून फक्त हिमनग लावला; नेफिन डोंगर आता डब्लिनलाही माहीत झालाय. जागराचं मात्र सगळं सामान आलेलं होतं. हॅम उकडून तयार, बिअरची पिंपं उतरवलेली, व्हायोलिनवाला ठरलेला. फादर म्हणाले, कुणी जात नसताना जागर कसा करायचा? मावशी म्हणाली, "फादर, दोनदा माझ्यासाठी रडून झालं. आता जात नाहीये तर हसा. आणि यंदा हॅम मी खाणार."

दिवेलागणीला तिच्या घरात अख्खा गाव दाटला. दोघं शेकोटीपाशी एका बाकावर. गावात कधी झालं नव्हतं ते झालं: दोघांनी एक गोष्ट सांगितली. सुरुवातीपासून भांडत. जेवणात अंडं होतं की नाही, हिमनग आधी दिसला की आवाज आधी आला, एकाचंही दुसऱ्याशी जुळेना. रीतीप्रमाणे आम्ही कुणी तोंड घातलं नाही, पण हसून हसून पोटं दुखली.

मग ती जागा आली.

"डेलियाला होडीशी आणलं," काका म्हणाला, आणि सवयीनं त्याचा हात ग्लासाकडे गेला. मावशीनं ग्लास उचलून आपल्या पलीकडे ठेवला. काकानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. फादर समोरच्या खुर्चीत बसलेले होते.

"तिथे मी हिला विचारलं," तो म्हणाला. "लग्न करशील का."

"मी हो म्हटलं," मावशी म्हणाली. "पुढचं सांग आता. जहाज बुडतंय."