गंगेसाठी आणलेला भोंगा

मित्रांनो, नगरपंचायतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, लोखंडी चौकटीवर एक गंजलेले तोंड तुम्हाला रस्त्यावरून दिसत असेल. त्या तोंडात विटक्या हिरव्या कापडाचा बोळा कोंबलेला आहे. शाळेतून जाताना तुमच्यातला एखादा मला खडा मारतो आणि 'ठण्ण' झाले की हसतो. तो भोंगा मी. आता माझा आवाज त्या खड्याएवढाच उरला आहे. म्हणून तुम्ही थांबलाच आहात तर माझी हकीकत ऐकून जा.

हैदराबादच्या बाजूला एका कारखान्यात मला घडवले. पोटात मोटार, मोटारीला पात्यांचे चाक आणि चाकाभोवती भोकाभोकांची जाळी. चाक फिरू लागले की वारा त्या भोकांतून कापत बाहेर पडतो आणि त्याचाच आवाज होतो. आधी घोगरा, मग चढत चढत पार नदीपलीकडच्या शिवारात जाणारा. माझी एक खोड मात्र ध्यानात ठेवा. बटण बंद केले तरी मी लगेच गप्प होत नाही. चाक आपल्याच वेगात फिरत राहते आणि आवाज सावकाश उतरतो. कारखान्यात कोणाला ही खोड वाटली नव्हती. मलाही नव्हती.

आमचे गाव गोदावरीच्या काठी, गंगाखेडच्या खालच्या अंगाला. इथे गोदावरी कोणी म्हणत नाही, सगळे गंगाच म्हणतात. एका वर्षी वरून धरणाचे पाणी सुटले. खालच्या आळीला ते कळले तेव्हा चुलीत पाणी शिरले होते. त्या पुरात जनावरे गेली, माणसेही गेली. पाणी ओसरल्यावर गावाने ठरवले की पुन्हा असे होऊ द्यायचे नाही, आणि मला आणले. परभणीहून एसटीच्या टपावर बांधून मी आलो. वेशीत बायांनी मला हळदकुंकू लावले. मी आलो तो गंगेसाठी. दुसरे काही काम मला कोणी सांगितले नव्हते.

माझे बटण धोंडप्पाच्या हाती दिले. धोंडप्पा तेव्हाच्या ग्रामपंचायतीचा शिपाई. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खांद्यावर उपरणे, आणि बोलणे मोजके. बटणाची खोली खाली, जिन्याजवळ. आठवड्यातून एकदा तो जिना चढून वर यायचा, माझी धूळ पुसायचा, तेल घालायचा. त्याची बायको भागम्मा त्याची भाकरी घेऊन यायची आणि खालूनच ओरडायची, "माझ्या गुडघ्याला तेल लावायला ह्यांना येळ न्हाई, अन् त्या भोंग्याला बघा कसं चोळायलेत!"

धोंडप्पा वरून म्हणायचा, "तू वरडलीस तर म्या एकटाच उठतो. ह्यो वरडला तर गाव उठतंय."

भागम्मा हसायची आणि गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणायची, "शिवा शिवा, सवतीला जीभ दिलीस, बाबा!"

सकाळी आणि दुपारी मी आखूड वाजायचो, तो वेळ सांगण्यापुरता. लांब, चढउताराचा आवाज फक्त गंगेचा. तो ऐकला की हातातले टाकून वर महादेवाच्या टेकाडाकडे निघायचे. दर वर्षी रोहिणी लागल्या की, पावसाच्या तोंडावर, त्याचा सराव व्हायचा. मी लांब वाजलो की खालच्या आळीतली माणसे पोरे-म्हातारी घेऊन टेकाड चढायची. कोणाच्या काखेत कोंबडी, कोणाच्या डोक्यावर पिठाचा डबा. वर पोचलेल्या प्रत्येक पोराच्या हातावर गुळाचा खडा पडायचा. काही वर्षांनी गंगा खरोखर आली, घरांत शिरली, पण घरांत माणूस नव्हता. सगळे टेकाडावर उभे राहून पाणी बघत होते. त्या दिवशी धोंडप्पाला गावाने नारळ दिला. तो नारळ त्याने माझ्यापुढे फोडला.

मित्रांनो, माझे भले दिवस एवढेच.

पुढे ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. दत्तराव अध्यक्ष झाले. दत्तराव वाईट माणूस नव्हते. रस्त्यात म्हातारे माणूस दिसले तर गाडीत बसवून दवाखान्यात सोडायचे. पण त्यांना गाव गाजवायचे होते. सभागृहाची खिडकी माझ्या बरोबर खाली आहे, त्यामुळे सभेतले सगळे मला ऐकू यायचे. एका सभेत ते म्हणाले, "येवढा दमदार भोंगा, अन् नुसता गंजायलाय. शेजारच्या पालमला न्हाई, कुठं न्हाई. वापर करा की त्याचा!"

मग ठरावावर ठराव झाले. मोठ्या साहेबांच्या वाढदिवसाला भोंगा. निकाल लागला की भोंगा. क्रिकेटची मॅच जिंकली की भोंगा. गावात पाहुणा येणार असेल तर वेशीत गाडी दिसताच भोंगा. धोंडप्पा आधी आखूडच वाजवायचा. एकदा दत्तराव स्वतः जिन्याशी आले. "धोंडप्पा, पिपाणी वाजवायलाव का काय? पाहुण्याला कळलं पायजे, कुठं आलाय ते. चांगला लांब सोडा."

धोंडप्पाने "जी" म्हटले आणि लांब सोडला.

त्यावर पुढच्या सभेत एकच माणूस बोलले. खालच्या आळीच्या नगरसेविका सत्यशीलाबाई. त्या म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, लांब भोंगा गंगेचा हाय. उद्या खरंच पाणी आलं तर काय वाजवायचं?"

"बाई, आता कोण भोंग्याच्या भरवशावर बसलंय? पाणी सुटायच्या आधी मोबाईल वाजतोय."

"आमच्या आळीत निम्म्या म्हाताऱ्यांना मोबाईल उचलता येत न्हाई."

"मग तुमी हाव की उचलायला!" कोणीतरी मागून म्हणाले आणि सभा हसली. त्याच सभेत सरावही बंद झाला, कारण सरावाने गावात उगीच घबराट पसरते असे ठरले. पाहुण्यांना लांब भोंगा आणि सराव बंद, हे दोन्ही ठराव सर्वानुमते मंजूर झाल्याचे वाचून दाखवले. सत्यशीलाबाईंचा हात खालीच होता.

यानंतर घाटाचे काम निघाले. जुन्या दगडी पायऱ्या गाळाने बुजल्या होत्या. बचत गटाच्या बायांनी श्रमदान करून तो गाळ उपसला. भागम्माचे गुडघे दुखायचे, तरी ती सगळ्यांत पुढे. टोपली डोक्यावर घेऊन पायऱ्या चढायची आणि म्हणायची, "आपल्या गंगेचं अंगण हाय. आपण न्हाई झाडायचं तर कोण झाडंल?" पेपरात त्यांचा फोटो आला, आणि भागम्माने तो पेपर भाकरीच्या फडक्यात गुंडाळून धोंडप्पाला दाखवायला आणला. मग नगरपंचायतीने त्या खडबडीत दगडांवर गुळगुळीत चकचकीत फरशी बसवली. दिसायला देखणी होती. मलाही वरून तिच्यात ऊन चमकताना आवडायचे.

उद्घाटन श्रावणातल्या सोमवारी ठरले. दत्तरावांनी बायांना बोलावून सांगितले, "पाहुणे आले की भोंगा वाजंल. भोंगा वाजला की सगळ्यांनी ताटं घेऊन घाटावर यायचं. खालच्या पायरीपस्तोर रांग लावायची. फोटोत गंगा आली पायजे." आरती कोणी करायची, असा प्रश्न निघाला तेव्हा बायांनी एका तोंडाने भागम्माचे नाव घेतले.

त्या दिवशी सकाळी ती नवी जांभळी साडी नेसून भाकरी द्यायला आली. रोजचे हिरवे लुगडे धुऊन घरी दोरीवर टाकून आली होती. जिन्याशी उभी राहून म्हणाली, "भोंगा येळंवर वाजवा बरं का. न्हाईतर म्या ताट घिऊन घरातच बसंन."

धोंडप्पाने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "येवढी वर्षं गावासाठी वाजवला. आज तुझ्यासाठी वाजवतो. मंग तर झालं?"

"चला, म्हातारपणी तरी आठवण झाली," असे म्हणून ती लाजत निघून गेली.

आमच्याकडे त्या दिवशी लख्ख ऊन होते. पाऊस वर, लांब कुठेतरी पडत होता. पाहुण्यांना उशीर झाला. बाया आपापल्या दारात ताटे सजवून, माझ्याकडे कान लावून बसल्या होत्या. बँडवाले घाटाच्या कमानीखाली सावलीला टेकले होते. तेवढ्यात कचेरीतला फोन वाजला. क्लार्क शुभदा धावत जिन्याशी आली. "धोंडप्पाकाका, वरून पाणी सोडलंय! लय मोठं सोडलंय, पोचायलाच आलंय म्हणायलेत. भोंगा वाजवा, लांब!" तिने तो निरोप मोबाईलवरच्या गटातही टाकला. पण गटात त्या दिवशी सकाळपासून हारतुऱ्यांचे फोटो चालले होते. त्यांच्याखाली निरोप कुठल्या कुठे गेला.

धोंडप्पाने बटण दाबले. त्याच्या मनात त्या घडीला फक्त गंगा होती. मी चढलो. जितका जीव माझ्या मोटारीत होता तितका लावून ओरडलो. वर चला, वर चला.

आणि मित्रांनो, मी गच्चीवरून काय पाहिले? गल्ल्यागल्ल्यांतून बाया बाहेर पडल्या. नटलेल्या, हसऱ्या, पदराच्या आडोशाने निरांजने सांभाळत. टेकाडाकडे एकही वळली नाही. सगळ्या खाली निघाल्या. मी जितका जोराने ओरडलो तितकी त्यांची पावले लगबगीने पडली. बँड सुरू झाला. भागम्मा सगळ्यांच्या पुढे होती, गुडघे दुखतात हे विसरून.

खालच्या खोलीत धोंडप्पाला खिडकीतून रस्त्याचा एक तुकडा तेवढा दिसायचा. त्या तुकड्यातून बाया जाताना त्याने पाहिल्या. बँड ऐकला. मग त्याला उमगले. त्याने बटण बंद केले आणि "वर या! वर या!" करत तो घाटाकडे पळत सुटला. पण माझे चाक थांबेना. धोंडप्पा कमानीपर्यंत पोचला तरी माझा आवाज उतरतच होता, आणि त्या आवाजाखाली त्याचे शब्द कोणाला ऐकू गेले नाहीत.

गंगा आधी शांतपणे दोन पायऱ्या चढली. बायांना आनंद झाला. श्रावणातले नवे पाणी, आणि तेही आपण झाडलेल्या पायरीवर! एक जण म्हणाली, "बघा गं, कार्यक्रमाला गंगामाय सोता आली!" नव्या पाण्याची ओटी भरायची आमच्याकडे रीत आहे. भागम्मा ओटी भरायला वाकली. त्याच वेळी मागचा लोंढा आला. जुना दगड असता तर पाय ठरला असता. फरशीवर गाळ आला आणि पाय ठरला नाही. सत्यशीलाबाईंनी एकीचा पदर धरला, एकीचा हात धरला, बँडवाल्यांनी ढोल टाकून बाकीच्यांना ओढले. सगळ्या वर आल्या. भागम्मा आली नाही. धोंडप्पाने पाण्यात उडी घेऊ नये म्हणून चार जणांनी त्याला दाबून धरले होते.

दुसऱ्या दिवशी ती खूप खाली, बाभळीच्या झाडोऱ्यात सापडली. जांभळी साडी तशीच होती.

पुढच्या सभेत सगळे उभे राहिले, गप्प राहिले, मग बसले. चर्चा झाली. फरशीचे नाव कोणी काढले नाही. शेवटी ठरले की गोंधळ भोंग्यामुळे झाला. आणि त्याच सभेत, दत्तरावांनी डोळे पुसत दुसरा ठराव मांडला, की भागम्माबाईंना श्रद्धांजली म्हणून सोमवारी भोंगा वाजवावा. लांब.

सत्यशीलाबाई उठून म्हणाल्या, "अहो, तिला कुठं बोलवायलाव आता?" आणि सभा सोडून गेल्या.

सोमवारी सकाळी धोंडप्पा बटणाच्या खोलीत गेला नाही. जिना चढून माझ्याकडे आला. हातात भागम्माचे हिरवे लुगडे होते. इतके दिवस ते त्याने दोरीवरून काढले नव्हते. त्याने लुगडे फाडले आणि माझ्या तोंडात, जाळीच्या भोकाभोकांत, बोटाने दाबून दाबून भरले. वेळ झाल्यावर खाली दुसऱ्याच कोणी बटण दाबले. मी घुसमटलो, थोडा कण्हलो, मग पोटातून धूर आला. माझी मोटार जळाली. खाली माणसे हात जोडून उभी होती. त्यांना तो कण्हण्याचा आवाज भोंग्याचा वाटलाच नाही.

भोंगा नादुरुस्त, अशी नोंद झाली. नवा आणायचा विषय दर सभेत निघतो आणि पुढच्या सभेवर जातो.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, असे मी म्हणणार नाही. मी आता भंगाराचा आहे. मागायचे आहे ते एवढेच. जी वस्तू जीव वाचवायला ठेवली असेल, तिला मिरवायला काढू नका. आणि तुमच्या गावात कधी भोंगा वाजला, तर वाजवणारा काहीही सांगो, आधी नदीकडे बघा आणि मग पाय उचला.

पाणी पुन्हा येणार आहे. खालची आळी तिथेच आहे. पावसाळा लागला की धोंडप्पा रोज गच्चीवर येतो, माझ्या चौकटीला पाठ टेकून गंगेकडे बघत बसतो. नदीवर धुणे घेऊन निघालेली कोणीही बाई दिसली की उभा राहून ओरडतो, "वर या गं! वर या!" आवाज रस्त्यापर्यंतही पोचत नाही. एखादी वर बघते, सोबतिणीला म्हणते, "बिचारं, बायको गेल्यापास्न असंच करायलंय."

आणि दोघी नदीकडे चालू लागतात.