टोर्किलचं धनुष्य आणि एवाल्डच्या कालवडी

"या धनुष्याचं काहीही मोडू दे, तुझी कॉफी निवायच्या आत मी ते जागच्या जागी नीट करतो," असं म्हणून टोर्किलने टेबलावर हात आपटला. धनुष्य टेबलावरच ठेवलेलं होतं. त्यातला एक बारीक स्क्रू उडाला आणि माझ्या कॉफीत पडला.

कुणी हसलं नाही. आमच्या डेन्मार्कातल्या जटलंडात माणूस पडला तर हसतात, स्क्रू पडला तर आधी तो कुठला होता ते बघतात. टोर्किलने कपात चमचा घालून तो काढला, चोखून साफ केला, खिशातून एलन-की काढली आणि स्क्रू होता तिथे बसवून टाकला. मग मला म्हणाला, "पी आता, सिसेल. गरम आहे की नाही?"

गरम होती. टोर्किलच्या बाबतीत हीच तर पंचाईत होती. त्याची बढाई खोटी पाडावी म्हटलं, तर ती कधी पूर्ण खोटी निघायची नाही.

ही मार्चमधली गोष्ट, एवाल्डच्या स्वयंपाकघरातली. एवाल्डच्या शेतात आणि त्यामागच्या झाडीत आम्ही सातजण मिळून शिकार करतो. जमीन एवाल्डची, म्हणून अध्यक्षही एवाल्डच. आम्ही सगळे बंदूकवाले. टोर्किलही बंदूकवालाच होता, पण बारांच्या आवाजाने त्याच्या कानात शिट्टी वाजायला लागली. ती वाजतेच आहे, झोपेतसुद्धा. डॉक्टरने सांगितलं, बंदूक सोड नाहीतर कान सोड. म्हणून त्याने बंदूक विकली, दोन चाकांचं हे नव्या तऱ्हेचं धनुष्य घेतलं, त्याची सरकारी परीक्षा दिली आणि पासही झाला. आता प्रश्न एवढाच होता, की आमच्यात धनुष्य चालवून घ्यायचं की नाही. नाही म्हटलं असतं तर टोर्किलची जागा गेली असती. त्या जागेवर डोळा ठेवून असलेला शहरातला एक दातांचा डॉक्टर दर नाताळला एवाल्डकडे डुकराची अख्खी तंगडी पाठवत होता.

एवाल्डचं म्हणणं सरळ होतं. बंदूक म्हणजे एक नळी. या यंत्राला चाकं आहेत, दोऱ्या आहेत, पिना आहेत. इतकं सगळं असल्यावर त्यातलं काहीतरी मोडणारच, आणि ऐन वेळी मोडलं तर बाण जाणार कुठे? तिथे त्याच्या कालवडी चरतात. टोर्किल म्हणाला, मोडलं तर नीट करीन. एवाल्ड म्हणाला, ते बघू.

शेवटी असं ठरलं, की सोळा मेला, नर हरणांची शिकार उघडते त्या दिवशी, कुणीतरी टोर्किलसोबत मचाणावर बसायचं, काय होतं ते बघायचं, आणि नंतर न्याहारीला सगळ्यांसमोर सांगायचं. मग मतं घ्यायची. बसायला मला पाठवलं, कारण मचाण एका माणसाचं होतं आणि मंडळींत सगळ्यात हलकी मीच.

सोळा मेच्या पहाटे अंगणात एवाल्डने प्रत्येकाशी हात मिळवून "मोडू दे, तुटू दे" म्हटलं. आमच्याकडे शिकारीला निघताना असंच म्हणतात, त्याचा कुणी अर्थ लावत बसत नाही. टोर्किलशी हात मिळवताना मात्र तो जरा अडखळला आणि नुसतंच "बरं," म्हणाला.

टोर्किलच्या पाठीवरची पिशवी बघून वाटत होतं, हा माणूस सायकल दुरुस्तीचं दुकान टाकायला निघालाय. त्यात दोरे होते, मेण होतं, चिकटपट्ट्या, पकडी, लायटर, सुटे पेच, अगदी दात साफ करायचा दोराही. मी विचारलं, हा कशाला? तर म्हणाला, याच्यासारखा चिवट दोरा जगात नाही, आणि शिकार झाली नाही तर निदान दात साफ होतात.

मचाण कालवडींच्या कुरणाच्या कडेला आहे. हातात धनुष्य घेऊन शिडी चढायची नसते. ते खाली दोरीला बांधून ठेवायचं, आपण वर जायचं आणि मग ओढून घ्यायचं. टोर्किलने अगदी नियमाप्रमाणे बांधलं. आम्ही दोघं वर जाऊन कसेबसे बसलो. माझा अर्धा भाग फळीवर, अर्धा हवेत. खाली बघते तर कालवडी आलेल्या.

कालवडींना नवीन काही दिसलं की राहवत नाही. आठ-दहा जणी धनुष्याभोवती गोल करून उभ्या राहिल्या, गावात नवी मोटार आली की आपण उभे राहतो तशा. कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक पुढे झाली. तिने धनुष्य हुंगलं, मूठ चाटली, आणि धनुष्याच्या दोरीच्या मध्यावर एक छोटा फास असतो तो तोंडात धरला. टोर्किलने वर ओढलं, तिने खाली. टोर्किल दबक्या आवाजात तिला "सोड, बाई, सोड" म्हणत होता. तिने सोडलं, पण फास ठेवून घेतला. धनुष्य लाळेने चकाकत वर आलं.

त्या फासात मनगटाला बांधलेला चाप अडकवायचा, मागे खेचायचं आणि चाप दाबला की बाण सुटतो. फास नाही म्हणजे चापाला धरायला काही नाही. टोर्किलला मात्र आनंदच झाला. "बघ आता," म्हणून त्याने पिशवीतून बारीक दोर काढला, नवा फास बांधला आणि गाठीची टोकं लायटरने वितळवायला घेतली. तेवढ्यात झाडीतून नर आला.

चांगला तरणा, सहा टोकांच्या शिंगांचा. थोडं पुढे येऊन थांबला, मान वाकडी केली आणि टोर्किलच्या हातातल्या ज्योतीकडे बघत राहिला. टोर्किलच्या एका हातात लायटर, दुसऱ्या हातात दोरी, दातांत मेण. बंदूक असती तर नर तिथेच आडवा झाला असता. इथे तो निवांत उभा राहिला, सगळं बघून घेतलं, आणि गाठ थंड होऊन पक्की झाल्यावर निघून गेला.

"परत येईल," टोर्किल म्हणाला. मेण दातांत असल्यामुळे ते मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

त्याने बाण लावला आणि मचाणावर सरळ बसला. ज्या बारीक दांडीवर बाण टेकवतात ती दांडी निसटली, लाकडी फळ्यांच्या फटीतून खाली गेली आणि गवतात पडली. पांढऱ्या ठिपक्याच्या कालवडीने ती हुंगली आणि तिच्यावर पाय ठेवून उभी राहिली. खरं सांगायचं तर आता मला नर पडतो की नाही याच्यापेक्षा पुढे काय निखळतंय याचीच उत्सुकता लागली होती.

टोर्किलने बाजूच्या झाडाची दोन बोटांची फांदी तोडली, चाकूने तासून तिला बेचकं केलं आणि चिकटपट्टीने जागेवर गुंडाळायला लागला. चिकटपट्टी चर्र करून फाटायची, आणि चर्र झालं की झाडीत काहीतरी हलायचं. दोन-तीनदा तसं झाल्यावर मी त्याचा हात धरून म्हटलं, आणखी एकदा फाड. त्याने फाडली. नर झाडीतून बाहेर आला.

त्याला काय वाटलं देव जाणे. दुसरा कुणी नर आपल्या हद्दीत झाडं घासतोय असं वाटलं असेल, किंवा नुसतंच त्याला राहवत नसेल. पण धनुष्य जेव्हा जेव्हा मोडत होतं तेव्हा तो येत होता, आणि नीट झालं की जात होता. मी हे टोर्किलला सांगितलं. तो जरा दुखावला. म्हणाला, शिकारीत योगायोग असतातच.

या खेपेला बेचकं वेळेत बसलं. नर अजून तिथेच होता, आणि चालत चालत कालवडींच्या चाटणाकडे, म्हणजे मिठाचा खडा ठोकलेल्या लाकडी खांबाकडे निघाला होता. टोर्किलने फासात चाप अडकवला, दम घेतला आणि दोरी मागे खेचली. अर्ध्यावर आली असताना चाप आपणहून सुटला. खेचणारी मूठ जोरात मागे आली ती थेट टोर्किलच्या तोंडावर. बाण जाऊन मिठाच्या खांबात रुतला.

आता कुठल्याही शहाण्या हरणाने पळून जायला हवं होतं. हा चार उड्या मारून थांबला, वळला, आणि खांबापाशी येऊन बाणाची पिसं हुंगायला लागला. कालवडीही आल्या. टोर्किलचा ओठ फुटला होता. रक्त हनुवटीवरून गळत होतं, आणि तो चापाचा ढिला पेच आवळत होता. कान वाजतो तो वाजतोच, त्यात आता तोंडही सुजलं. मी त्याला रुमाल दिला. त्याने तो आधी धनुष्यावरची लाळ पुसायला वापरला, मग ओठाला लावला.

मग त्याने दुसरा बाण लावला आणि खेचलं. या वेळी सगळं होतं तिथेच राहिलं. फास टिकला, बेचकं टिकलं, चाप टिकला. नर पूर्ण आडवा उभा होता, इतका जवळ की त्याच्या पापण्या दिसत होत्या. मी श्वास रोखून वाट बघत होते. टोर्किल दोरी ताणून धरूनच बसला, सोडेना. मग त्याने दोरी हळूहळू पुढे नेली, पार सैल केली आणि बाण काढून ठेवला.

मी कुजबुजत विचारलं, आता काय मोडलं?

"काही नाही," तो म्हणाला. "त्याच्या मागे ती ठिपक्याची उभी आहे."

होती खरी. नराच्या पलीकडे तिचं तोंड दिसत होतं. फास अजून चघळत होती.

न्याहारीला अंगणातल्या लांब टेबलावर बेकरीतले गोल पाव होते, लोणी, चीज आणि प्रत्येकाला कडू दारूचा एकेक छोटा पेला. बाकीच्यांना दोन नर मिळाले होते. ते गवतावर मांडून ठेवले होते. टोर्किल टोपी काढून बसला. सुजलेल्या ओठाने त्याला पाव चावता येत नव्हता, म्हणून तो कॉफीत बुडवून खात होता. माझ्याकडे मात्र एकदाही बघत नव्हता.

एवाल्डने मला विचारलं, "मोडलं का?"

"मोडलं."

"किती वेळा?"

"तीनदा. त्यातल्या तिसऱ्या वेळेला त्याचं तोंडही."

"आणि धोका?"

मी विचार करून सांगितलं, की धोकादायक व्हायला त्या धनुष्याला वेळच मिळाला नाही. मग सगळे हसले, टोर्किल सोडून. म्हणून मी पुढचंही सांगितलं. शेवटी सगळं नीट होतं, नर समोर आडवा उभा होता, आणि मागे कालवड उभी आहे म्हणून टोर्किलने दोरी सैल केली.

"कुठली कालवड?" एवाल्डने विचारलं.

"पांढऱ्या ठिपक्याची."

एवाल्डने पावाला लोणी लावायचं थांबवलं. ती त्याने बाटलीने दूध पाजून वाढवलेली आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मतं सारखी पडली. एक म्हणाला, जे इतकं मोडतं ते हत्यारच नव्हे. दुसरी म्हणाली, हत्यार राहू दे बाजूला, माणूस बघा. एवाल्डने तेवढा हात वर केला नव्हता. त्याचं लक्ष अंगणातल्या झेंड्याच्या खांबाकडे होतं. आठ वाजले होते. आठच्या आत झेंडा चढवायचा नसतो, आणि सोळा मेला आठनंतर तो चढवल्याशिवाय एवाल्ड दुसरा पेला भरत नाही. पण हिवाळ्यातल्या वाऱ्यांनी खांबाची दोरी एका जागी झिजून दोन धाग्यांवर आली होती.

"टोर्किल, तुला मोडलेलं नीट करता येतं म्हणतोस," तो म्हणाला. "ही दोरी नीट कर. झेंडा चढवताना तुटली नाही, तर पुढच्या वर्षीही ये धनुष्य घेऊन."

टोर्किल लगेच उठला. टोपी खुर्चीवर तशीच राहिली, रक्ताचा रुमाल बशीजवळ. त्याने झिजलेल्या जागेवर धनुष्याचा दोरा गुंडाळला, त्यावर मेण, त्यावर दातांचा दोरा, त्यावर चिकटपट्टी. झालं तेव्हा ते एखाद्या सॉसेजएवढं जाड दिसत होतं. एवाल्डने स्वतः दोन्ही हातांनी ओढून बघितलं आणि मान डोलावली. मग झेंडा बांधला. आम्ही सगळे उभे राहिलो.

झेंडा छान वर निघाला. अर्ध्यावर गेला आणि थांबला. टोर्किलची गाठ खांबाच्या टोकावरच्या चाकात जाऊन घट्ट बसली होती. ओढलं तर झेंडा वर जाईना, सोडलं तर खाली येईना.

एवाल्ड बराच वेळ मान वर करून बघत राहिला. "तुटली तर नाही," तो म्हणाला आणि हात वर केला.

टोर्किलला फुटक्या ओठाने हसता येईना, तरी हसला. म्हणाला, कॉफी निवायच्या आत सोडवून देतो, आणि धान्याच्या कोठारामागे लांब शिडी आणायला गेला.

अर्ध्यावरचा झेंडा म्हणजे घरात कुणी गेलं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. एवाल्डची शेजारीण डाग्नी, जिच्या खिडकीतून खांब समोर दिसतो, काळा कोट घालून सायकलवरून आली. हँडलला लिंबाच्या केकचा डबा होता. तिने टेबलाभोवती एकेकाचं तोंड बघितलं, मग रिकामी खुर्ची, तिच्यावरची टोपी आणि रक्ताचा रुमाल. तिने केक टेबलावर ठेवला, एवाल्डच्या खांद्यावर हात ठेवला आणि सरळ घरात गेली. आमच्या सगळ्यांच्या तोंडात पाव होता.

टोर्किल शिडी घेऊन आला, तोवर डाग्नीचा त्याच्या बायकोला फोन करून झाला होता.