साठ मीटर स्वागत

पाहुणे यायचे असले की कारखान्यातल्या माणसांची अक्कल दोन दिवस आधीच रजेवर जाते, असं मेंग वेनलानचं सत्तावीस वर्षांचं निरीक्षण होतं. या वेळी प्रांताच्या राजधानीतून, जिनानहून कुणी बडे उपसंचालक येणार होते. म्हणून सोमवारी रस्त्याकडेच्या झाडांची खोडं चुन्यानं रंगवून झाली, मंगळवारी कँटीनमधल्या माशांवर मोहीम निघाली, आणि बुधवारी सकाळी वेनलान कामावर आली तर टॉवरच्या लिफ्टला कुलूप. आत नवा गालिचा घातला होता. त्यावर कामगारांच्या बुटांचे ठसे नकोत, असा ऑफिसप्रमुख ल्वानचा हुकूम होता.

"मग मी वर जाऊ कशी?" वेनलाननं विचारलं.

"जिना आहे की, मेंगताई. तेवढाच व्यायाम."

"चारशे बारा पायऱ्या आहेत. तुम्ही कधी चढलात?"

"माझ्या गुडघ्यांना झेपत नाही हो."

"माझे काय कारखान्यानं दिलेत?"

ल्वाननं हसून फोन कानाला लावला. हा माणूस चौदा वर्षांत एकदाही टॉवरच्या वर गेला नव्हता, पण टॉवरचा रंग, टॉवरवरचे दिवे, टॉवरचा फोटो, सगळ्यावर त्याचं मत असायचं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान उंटावर तरी चढावं लागतं.

ऑगस्ट महिना. सकाळी साडेसातलाच अंगाला घामाच्या धारा. वेनलान चढली. दर शंभर पायऱ्यांना थांबून तिनं ल्वानच्या एकेका पिढीचा उद्धार केला, आणि वर पोचेपर्यंत त्याचे पणजोबाही सुटले नाहीत.

युरियाचे पांढरे दाणे शेतकऱ्याच्या मुठीत येतात ते या टॉवरमधून. वितळलेल्या युरियाचा रस, एकशे चाळीस अंशांचा, पंपानं वर चढतो आणि गरगर फिरणाऱ्या भोकाभोकांच्या बादलीत पडतो. झाऱ्यातून बुंदी पडावी तसे थेंब सुटतात. फरक इतकाच की इथे खाली तेल नाही, ऐंशी मीटर पोकळी आहे. तळाच्या झडपांतून गार हवा आत येते, वर चढते, आणि पडता पडता थेंबाचा दाणा होतो. हवा हवी तेवढी मिळाली तर दाणा कोरडा, टणक. नाही मिळाली तर खाली चिखल. एवढी साधी गोष्ट. पण साधी गोष्ट समजावून सांगण्यातच वेनलानचं निम्मं आयुष्य गेलं होतं.

आणि आता ते आयुष्यच संपवायचं घाटत होतं. पंधरा तारखेला तिला पन्नास पूर्ण होत होती. पन्नास झाली की कामगार बाईनं घरी जायचं, हा नियम. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झालेली, घरी जाऊन करायचं काय? तिनं दोन वर्षं पुन्हा कामावर घेण्याचा अर्ज दिला होता. कागद कारखान्याचे व्यवस्थापक तेंगसाहेब यांच्या टेबलावर होता. "पाहुणे एकदा नीट जाऊ देत, मेंग. लगेच शिक्का मारतो," असं ते म्हणाले होते.

शिक्का बसला नाही तर छिंगदाओ. मुलाचं घर, बाविसावा मजला, सहा महिन्यांचा नातू. सुनेनं पलंगसुद्धा घेऊन ठेवला होता. सून वाईट नव्हती, हेच तर अवघड होतं. दर दोन दिवसांनी तिचा फोन यायचा, आणि बाळाच्या अंघोळीच्या पाण्यात थर्मामीटर किती वेळ धरायचा हे ती सासूला समजावून सांगायची. सत्तावीस वर्षं उकळत्या रसाची राखण केलेल्या सासूला! नातवावर वेनलानचा जीव होता. पण त्या घरात ती आजी होणार होती, फक्त आजी, आणि तीही परीक्षेला बसलेली. इथे वर मात्र बादलीच्या नुसत्या आवाजावरून ती सांगू शकायची की कुठली भोकं बुजताहेत.

नऊच्या सुमारास बादलीचा आवाज ठीक होता, पण हवा ठीक नव्हती. टॉवरच्या तोंडातून एरवी सरसर बाहेर पडणारी पांढरी धूळ आज आतच घुटमळत होती. वेनलाननं वॉकीटॉकी उचलली. खाली दाणा गोळा होतो तिथे पांग होता, तिच्याहून चार वर्षांनी लहान, जाडा आणि भित्रा.

"पांग, दाणा किती अंशांवर उतरतोय?"

"अठ्ठ्याऐंशी, ताई. आता नव्वद."

"नव्वद? बासष्टच्या जागी? अरे मग सांगत का नाहीस? झडपा बघ, उघड्या आहेत का?"

"उघड्याच आहेत."

"सगळ्या?"

"सगळ्या. पण ताई..." पुढे नुसती खरखर.

तिनं कंट्रोल रूमला फोन केला आणि रस कमी सोडा म्हणाली. तिकडचा पोरगेला इंजिनिअर म्हणाला की त्याला साहेबांची परवानगी लागेल.

"मग घे."

"साहेब फाटकावर आहेत, हातात पुष्पगुच्छ आहे. फोन उचलत नाहीत."

वेनलाननं फोन आपटला आणि निघाली. चारशे बारा पायऱ्या खाली. उतरताना एका हातानं कठडा आणि तोंडात सगळ्यांची नावं.

खाली येऊन पाहते तर टॉवरला कमरपट्टा! लालभडक कापड, साठ मीटर लांब, दोन पुरुष उंच, टॉवरच्या बुडाभोवती सगळीकडून तारांनी आवळलेलं. त्यावर माणसाएवढ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, "वरिष्ठांचं हार्दिक स्वागत, त्यांचं मार्गदर्शन हेच आमचं भाग्य." झडपांची अख्खी रांग त्या स्वागताच्या मागे गडप झाली होती. इतर वेळी असलं कापड वाऱ्यावर फडफडतं. हे मात्र झडपांना घट्ट चिकटलं होतं, कारण टॉवर हवेसाठी ते आत ओढत होता.

"हे काय केलंत?" ती ओरडली.

ल्वान एका तारेला पीळ देत होता. "भिंतीवर डाग किती पडलेत, बघवत नाही. झाकायला नकोत? छान दिसतंय ना?"

"झडपा झाकल्यात तुम्ही!"

"अजिबात नाही. एकाही झडपेला मी हात लावलेला नाही. सगळ्या उघड्या आहेत, पांगला विचारा."

"नाक उघडंच आहे, फक्त वर उशी दाबलीय! हवा कुठून जाणार आत?"

"मेंगताई, हवाच ती. इकडून तिकडून शिरते. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. पाहुणे गेले की सोडतो."

"अर्ध्या तासात आत डोंगर होईल. मग टॉवर बंद ठेवून आठ दिवस पहारींनी फोडत बसा."

पांग पुढे आला आणि त्यानं मूठ उघडली. दाणे एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला होता. आत दाणे लोटणारा लोखंडी हात कण्हत फिरत होता, हे बाहेरसुद्धा ऐकू येत होतं.

"किती?" वेनलाननं विचारलं.

"शहाण्णव," पांग पुटपुटला.

"ऐकलंत?"

ल्वाननं घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटांत गाड्या आत येतील. आता या कापडाला कुणी हात लावायचा नाही. हा साहेबांचा हुकूम आहे."

वेनलानला आपला कागद आठवला, टेबलावर पडलेला, शिक्क्याची वाट बघत. तिला चांगलं कळत होतं की गप्प बसलं तर कुणी तिला दोष देणार नाही. दोष कापडाचा, कापड ल्वानचं. ती क्षणभर गप्प बसलीसुद्धा. मग आतला लोखंडी हात अडला, कुरकुरला, पुन्हा कसाबसा निघाला. तिनं पांगच्या पट्ट्यातली पोती फाडायची सुरी ओढली आणि "हार्दिक" नि "स्वागत" यांच्या मधोमध चालवली.

ल्वान किंचाळला. ती पुढे गेली. चार ठिकाणी कापल्यावर कापड सैल पडलं, आणि टॉवरनं असा काही श्वास घेतला की तिची टोपी झडपेला जाऊन चिकटली.

पण घेतलेला श्वास बाहेरही पडतो. आत तासभर कोंडलेली धूळ एका दमात वर गेली आणि तोंडातून फुटली. नेमक्या त्याच वेळी खाली काळ्या गाड्यांची दारं उघडत होती. काळे कोट, काळे बूट, तेंगसाहेबांचा पुष्पगुच्छ, सगळ्यावर पांढरं शुभ्र खत बसलं. उपसंचालक दोनदा शिंकले, घड्याळाकडे बघून म्हणाले की कारखाना जोरात चाललाय, आणि फाटकापाशी एक फोटो काढून निघून गेले. गालिच्याच्या लिफ्टमध्ये कुणी पाऊलही ठेवलं नाही.

वीस मिनिटांत दाणा चौसष्टवर आला. कोरडा, टणक, गोल.

दुपारी तेंगसाहेबांनी बोलावलं. त्यांच्या केसांत अजून युरिया होता, शेजारी ल्वान उभा होता.

"कापड कुणी कापलं?"

"मी."

"का?"

"दाणा शहाण्णव अंशांवर होता, साहेब. आत डोंगर होऊन टॉवर बसला असता."

"पण बसला नाही ना?"

"मी कापलं म्हणून बसला नाही!"

"हे तू म्हणतेस." त्यांनी पांगची नोंदवही टेबलावर सरकवली. वेनलाननं पाहिलं. सकाळी आठ, बासष्ट. साडेआठ, बासष्ट. नऊ, साडेनऊ, दहा, बासष्ट, बासष्ट, बासष्ट. सुंदर, वळणदार आकडे. पाहुणे वही चाळतील म्हणून ल्वाननं सकाळी सातलाच दिवसभराचं पान लिहून घेतलं होतं. कपाळ बडवून घ्यावं की हसावं, तिला कळेना.

पांग दारात उभा होता. "काय रे," साहेब म्हणाले, "किती होतं तापमान?"

पांगनं साहेबांकडे पाहिलं, ल्वानकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. गेल्याच महिन्यात त्याची मुलगी इथल्या प्रयोगशाळेत लागली होती. "वहीत असेल ते," तो म्हणाला.

तेंगसाहेब दुष्ट नव्हते, फक्त दमले होते. पांग गेल्यावर त्यांनी आवाज उतरवला. "हे बघ मेंग, वर काहीतरी कळवावंच लागेल. तू चूक कबूल करणारा कागद लिहून दे. कापडाचा काही त्रास नव्हता, मी उगाच घाबरले, असं. चार ओळी. प्रकरण मिटलं. आणि हे..." त्यांनी तिचा अर्ज खणातून काढला आणि शिक्का शेजारी ठेवला.

चार ओळी. दोन वर्षं. वेनलाननं लिहिलं. एकही खाडाखोड झाली नाही, याची तिला जास्त लाज वाटली. लाल शाईत अंगठा बुडवून तिनं खाली ठसा उमटवला. तेंगसाहेबांनी कागद वाचला, मान हलवली आणि शिक्का शाईवर टेकवला.

ल्वान तिच्या खांद्यावरून वाचत होता. त्याचा चेहरा उजळला. "साहेब, मग राष्ट्रीय दिनाला महिनाभर बांधून ठेवू की. आता लेखीच आहे, कापडानं काही होत नाही म्हणून. या खेपेला दोन रांगा लावू. खालची उघडी जागा फार वाईट दिसते."

"बघा तुम्ही," मान वर न करता तेंगसाहेब म्हणाले.

महिनाभर! वेनलाननं ल्वानकडे पाहिलं. थट्टा नव्हती. तो खरंच मनातल्या मनात कापड मोजत होता. आणि त्याच्या हातातला परवाना तिनंच दिला होता, अंगठ्यासकट. तिनं टेबलावरून आपला कबुलीचा कागद उचलला आणि फाडला. दोनदा, मग आणखी दोनदा.

"शहाण्णव होतं," ती म्हणाली. "शहाण्णव."

"मेंग, नीट विचार कर."

"सत्तावीस वर्षं तेच करतेय, साहेब. फुकट."

शिक्का कागदावर उतरलाच नव्हता. तेंगसाहेबांनी तो डबीत ठेवला, आणि अर्ज पुन्हा खणात गेला. खण बंद होताना फारसा आवाज झाला नाही.

टॉवरच्या बुडाशी पांग उकाड्यावरचा उतारा म्हणून मुगाचं गार पाणी पीत बसला होता. तिला बघून तो उठला. साहेबांच्या टेबलावरून परत आलेली वही तिनं उघडली, साडेनऊ नि दहाच्या मधल्या कोऱ्या पट्टीत "९६" लिहिलं, आणि पुढे आपलं पूर्ण नाव.

पांगनं वाकून तो आकडा वाचला. "वेळ घाल, ताई," तो म्हणाला. "नऊ चाळीस."

तिनं वेळ घातली. पांगनं पेन मागून घेतलं, पँटला हात पुसले आणि तिच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं. मग तोंड फिरवून आत दाण्यापाशी गेला.

वेनलाननं सुनेला फोन लावला.

"आई! झालं का हो तुमचं? काय ठरलं?"

"सोळा तारखेच्या गाडीचं तिकीट काढ."

पलीकडे बाळ रडत होतं. सून खरंच खूश झाली होती, पलंगाचं, गादीचं, कपाटाचं एका दमात सांगून तिनं विचारलं, "आणि परतीचं? तुम्हाला मध्ये तिकडे जायचं असेल ना, आई?"

वेनलान झडपेपाशी उभी होती. हवा तिच्या बाहीला धरून आत ओढत होती.

"नको," ती म्हणाली. "जायचंच काढ."