ड्रम आणायला गेला, झांज घेऊन आला

मित्रांनो, मी एक जुनी झांज आहे. माझ्या प्रकाराला 'चायना' म्हणतात, आणि हे सांगताना आजही माझा आवाज खाली येतो. आपल्याकडे चायना म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. चार दिवसांत बंद पडणारी बॅटरी, पहिल्याच धुण्यात रंग सोडणारी ओढणी. वास्तविक माझा जन्म तुर्कस्तानातला. तांबं आणि कथील एकत्र वितळवून, पुन्हा पुन्हा तापवून आणि हातोडीने ठोकून मला घडवलं. माझी कड मात्र मुद्दाम उलटी वळवली, रुसलेल्या मुलाच्या ओठासारखी. त्यामुळे माझा आवाज गोड येत नाही, मोरीत पातेलं पडावं तसा येतो. कारखान्यात माझ्या शेजारच्या झांजा वाजल्या की कामगार मान डोलवायचे आणि मी वाजले की एकमेकांकडे बघून हसायचे. तेव्हापासून लाज माझ्या अंगवळणीच पडली.

फिरत फिरत मी हैदराबादेतल्या जुन्या वाद्यांच्या एका दुकानात येऊन पडले. वरातीच्या बँडवाल्यांना मी नको होते आणि भजनवाल्यांना तर मुळीच नको होते. मला कुणी पुसायचंही नाही. वर्षानुवर्षांची धूळ आणि काळपटपणा अंगावर चढला. मग एका उन्हाळ्यात उदगीरचा बसवंत दुकानात आला.

बसवंत उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडत दुकानी वजनकाट्यावर उभा राहायचा आणि लातूरच्या दोस्तांबरोबर डेथ मेटल वाजवायचा. ज्यांनी हे संगीत ऐकलं नाही त्यांना सांगते, यात गाणारा गातो कमी आणि गुरगुरतो जास्त. ड्रम वाजवणाऱ्याचे हातपाय तर असे चालतात, जणू मागे कुत्रं लागलंय. बसवंतच्या आईने, महादेवीने, एकदा 'डेथ'चा अर्थ विचारला होता. कळल्यावर ती म्हणाली, "मंग कुनाच्या मयतीला वाजवायला जाता रे तुमी?"  आजवर तो दोस्ताच्या ड्रमवर वाजवत आला होता. आता लातूरच्या एका कॉलेजात त्यांचा पहिला कार्यक्रम ठरला होता आणि त्याला स्वतःचं सामान हवं होतं.

तो घाई करणारा गिऱ्हाईक नव्हता. आधी त्याने एक मोठा ड्रम आणि काही लहान ड्रम निवडले, मग मोठ्याला दोन्ही पायांनी बडवायचं जोडपेडल दाबून दाबून पाहिलं. झांजांची पाळी आली तेव्हा त्याने प्रत्येकीच्या कडेवरून नख फिरवलं. बारीकशी चीर असली तरी नख अडतं. मग ड्रमची काडी मारायची, डोळे मिटायचे आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते ऐकायचं. माझ्या गोड गळ्याच्या बहिणी कितीतरी वेळ घुमत राहिल्या. त्याने त्या बाजूला ठेवल्या. मला काडी मारली तेव्हा मी एकदम खेकसले आणि गप्प झाले.

"मियाँ, ये तो पत्रे की आवाज है," दुकानदार चाचा म्हणाले. "इसे ले के क्या करते?"

"हमको येइच होना, चाचा." मग त्याने समजावलं, की त्यांची गाणी इतकी जलद असतात की एक ठोका विरायच्या आत दुसरा येतो. जी झांज चटकन बोलून चटकन थांबते तीच त्यात कामाची, आणि माझ्यावरच्या काळपटपणाने माझा आवाज आणखी आखूड केलाय. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या खेकसण्याची बाजू घेतली होती. मी सुखावले, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडून महादेवीचा आवाज आला, तो मलाही ऐकू गेला.

"बसू, ड्रम भेटला का रे?"

"हाव अव्वा, भेटला."

"दोन घे. नागुबाईच्या पंचफुलाला लेकरू झालंय, तिला बी पानी लागंल. मी सांगून बसले तिला."

"हाव," बसवंत म्हणाला. फोन खिशात ठेवून त्याने चाचांना पैसे मोजून दिले आणि मला पिशवीत घातलं.

मित्रांनो, त्या उन्हाळ्यात आमच्या भागात ड्रम या शब्दाला एकच अर्थ उरला होता. निळा, प्लास्टिकचा, अंगणात ठेवायचा. लातूरला रेल्वेने पाणी येत होतं. उदगीरच्या त्यांच्या गल्लीत टँकर आठ-आठ दिवसांनी यायचा आणि ज्याच्याकडे जेवढी भांडी तेवढंच त्याचं पाणी. बसवंत घरी कित्येक महिने म्हणत होता, मला ड्रम घ्यायचाय. आई म्हणायची, घे बाबा, लई गरज हाय. आपण दोघं वेगवेगळ्या ड्रमांबद्दल बोलतोय हे त्याच्या केव्हाच लक्षात आलं होतं. पण आईचा उजळलेला चेहरा बघून तो खुलासा उद्यावर टाकायचा. तो उद्या आता उगवला होता.

आम्ही रेल्वेने उदगीरला उतरलो आणि छोटा हत्ती टेम्पो करून गल्लीत शिरलो. नेमका टँकरही तेव्हाच आला. "ड्रम आले, ड्रम आले," करत बायका धावल्या. कुणीतरी म्हणालं, उदगीरचा जिल्हा झाल्यावरसुद्धा एवढी गर्दी व्हायची नाही. जिल्हा होणार, मग नळाला रोज पाणी येणार, अशी बोलणी तेव्हा रोजच चालत. महादेवीने पुढे होऊन गोणपाट सोडलं. आत काळाकुळकुळीत मोठा ड्रम, दोन्ही तोंडं बंद. तिने त्यावर थाप मारली, तो धम् वाजला आणि ती हसली.

"झाकन कुठून निघतं रे ह्याचं?"

बसवंत उरलेलं सामान उतरवायला लागला.

"किती पानी बसतं ह्यात, बसू?"

"पानी न्हाई बसत, अव्वा. वाजवायचा हाय ह्यो."

 शेजारची नागुबाई हळूच म्हणाली, "मी तर भनीच्या घागरी माघारी धाडल्या की, अक्का. ड्रम येनार म्हनून." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. महादेवीने फक्त डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला. मी पिशवीत होते, तरी मला वाटलं की गल्ली माझ्याकडेच बघते आहे.

टँकरवाला थांबणार नव्हता. बसवंतने खिशातून ड्रम आवळायची चावी काढली आणि एकेक खिळी सैल करत मोठ्या ड्रमचं वरचं कातडं उतरवलं. ज्या ड्रमवर कुणाला पाण्याचा ग्लास टेकवू द्यायचा नाही असं त्याने ठरवलं होतं, त्यात त्याने मोंढ्यातला पोत्यांवर टाकायचा जाड प्लास्टिक कागद अंथरला आणि टँकरची नळी सोडली. लहान ड्रमही तसेच भरले. नागुबाईच्या वाट्याचं पाणी आधी भरलं. वर झाकायला काही नव्हतं, म्हणून मला उताणं ठेवलं. माझ्या मध्यावर स्टँडसाठी भोक असतं.

"ह्या झाकनाला भोक हाय गं," नागुबाई म्हणाली.

"चायनाचं असंल," पलीकडची एकजण बोलली, आणि भोकात चिंधी बसवली गेली.

मी झाकण झाले. रोज कुणीतरी मला उचलायचं, तांब्याभर पाणी घ्यायचं आणि पुन्हा झाकायचं. बसवंत मोंढ्यातून आला की माझ्याकडे न बघता आत जायचा. लातूरला येत नाही असं त्याने दोस्तांना कळवायचं ठरवलं, पण महादेवीने ऐकून घेतलं नाही.

"लोकांना शब्द देऊन बसलास न्हवं? मंग जायाचं," ती म्हणाली. शब्द हा शब्द तिने सहज वापरला होता, पण बसवंतची मान आणखी खाली गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी तळाशी राहिलेलं पाणी तिने आणि नागुबाईने घागरींत, पातेल्यांत वाटून घेतलं. लाकूड थोडं फुगलं होतं. बसवंत ओसरीवर बसून कातडी पुन्हा चढवत होता. तेवढ्यात महादेवीने मला मागच्या दारी नेलं. चिंच लावली, राख लावली आणि पितळेची परात घासावी तशी घासली. अंगावरचा वर्षानुवर्षांचा काळपटपणा गेला. मी नवरीसारखी लखलखले. मग तिने माझ्यावर पाणी ओतलं.

बसवंत मला शोधत मागे आला आणि जागच्या जागी थांबला. त्याने मला जो आखूड, कोरडा आवाज ऐकून निवडलं होतं, तो त्या राखेबरोबर वाहून गेला होता. पण तो माझ्याकडे बघत नव्हता, ओल्या जमिनीकडे बघत होता.

"कुठलं पानी घेतलंस अव्वा?"

"माझ्या वाट्याचंच घेतलं. मला कुठं लई तहान लागती?" पदराने मला पुसत ती म्हणाली. "एवढ्या लोकांत चाललास. झाकन मळकट दिसू नये."

 बाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवला आणि तो मला उचलून निघाला.

लातूरला त्याने मला जीव तोडून वाजवलं. मी चुकीची वाजले. खेकसून थांबायचं सोडून मी घुमत राहिले आणि ठोके एकमेकांत मिसळले. दोस्तांनी मान वळवून पाहिलं. बसवंतने मला स्टँडवरून काढलं नाही. कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली, ती तो तशीच घरी घेऊन आला.

मित्रांनो, झांज पाण्याने धुवायची नसते. कोरडं फडकं फिरवलं तरी ती जन्मभर साथ देते. पण कुणी आपल्या वाट्याचं पाणी ओतून तुमची वस्तू उजळलीच, तर तिचा आवाज बिघडला म्हणून चिडू नका. ती वस्तू उचलण्याआधी स्वयंपाकघरात जा आणि त्या माणसाला प्यायला पाणी उरलंय का, तेवढं बघा. बसवंतने त्या दिवशी बघितलं नाही. बाहेर गाडी थांबली होती.