बगळ्यांची फाइल

"लेकरू रडतंय तवर बसून राहा. गप झालं की मातूर उठून बघ."

आम्ही पिंपळे गुरवला राहायला आलो त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या अंबुबाईंनी मला हे बजावलं होतं. मी हसून मान हलवली आणि सोडून दिलं. जी आई लेकीचा ताप दर तासाला वहीत लिहून ठेवते, तिला आणखी काय शिकवायचं? ओवी गप्प बसली की मी उलट देवाचे आभार मानून कुकर लावायला पळायचे.

पुढे वर्षभराने, एका गुरुवारी, मी अशीच पळाले.

त्या दिवशी दोन वाजता मला चाकणच्या एका कंपनीची फाइल आली होती. मशीनशेजारी जो सूचनांचा कागद लावतात, तो मराठीत नीट मांडायचा आणि चारच्या आत परत पाठवायचा, ही परीक्षा होती. पास झाले तर बरंचसं काम घरून आणि आठवड्यातला एकच दिवस चाकणला. ओवी झाल्यापासून तीन वर्षं मी घरी होते. सतरा ठिकाणी अर्ज केले होते आणि सगळीकडे "मधली तीन वर्षं काय केलंत?" हेच ऐकलं होतं. अठराव्या ठिकाणच्या, म्हणजे चाकणच्या या कंपनीतल्या, शैला मॅडमनी ते विचारलंच नाही, सरळ फाइल पाठवली. त्यामुळे ही संधी मला सोडायची नव्हती.

अडीचला कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले. डाळ घोटली, फोडणी दिली. बाहेर छान शांतता होती.

परत आले तर ओवी माझ्या खुर्चीत गुडघ्यांवर बसलेली, कॉम्प्युटरचा उंदीर मुठीत, तोंड अर्धवट उघडं. आणि स्क्रीनवर देवीचे फोड आल्यासारखं झालं होतं. प्रत्येक दोन शब्दांमध्ये ठिपका, मध्येच बाण, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक काळं चिन्ह. मोठं डोकं, खाली दोन सरळ पाय.

"आई, बगळा!" ओवी म्हणाली.

तिला उचलून खाली ठेवलं आणि कामाला लागले. सगळ्यात आधी एक बगळा खोडला. खालची ओळ टुणकन वर येऊन चिकटली आणि सूचना तयार झाली, "हिरवे बटण दाबावे झाडू जागेवर ठेवावा." दुसरा खोडला, तर आणखी दोन ओळी एकमेकींच्या गळ्यात. घाईघाईने सगळं मागे घेतलं. मग वाटलं, बगळे राहू देत, आधी ठिपके काढू. एक ठिपका उचलून शोधायच्या चौकटीत टाकला, बदली काहीच नाही, आणि सगळीकडे बदला म्हटलं.

तीनशे बारा ठिकाणी बदल झाला, असं कॉम्प्युटरने मला कौतुकाने कळवलं. आता पहिली सूचना अशी होती,

"यंत्रसाफकरण्यापूर्वीतेबंदअसल्याचीखात्रीकरावी."

हे वाचून होईपर्यंत एखाद्याचा हात गेला असता. पुन्हा मागे घेतलं.

तीन वाजता चहाच्या सुट्टीत स्वानंदचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फोन आला. तो एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. आयुष्यात त्याने हातात घेतलेल्या प्रत्येक वस्तूत खोट शोधली आहे, मला बघायला आला होता तेव्हासुद्धा.

"प्रत्येक ओळीला एकच येतंय?" त्याने विचारलं.

"हो."

"एकही ओळ सुटलेली नाही?"

"नाही रे."

"मग हा चुकून झालेला डिफेक्ट नाही. प्रोसेसमध्येच आहे. अख्खा लॉट रिजेक्ट. नव्याने टाइप कर."

"बावीस सूचना आणि दोन तक्ते? तासाभरात?"

"रीवर्कला वेळ लागतोच, राणी. आलो, बेल झाली."

त्याने फोन ठेवला. मी टेबलावर डोकं ठेवलं. मला रडू आलं होतं, आणि मी रडतेय म्हणून ओवीनेही सूर लावला.

दाराशी अंबुबाई. त्या लातूरकडच्या. मुलगा चाकणला पहिल्या शिफ्टला जातो आणि त्या दिवसभर वर एकट्या ब्लाऊज शिवतात. त्यांच्या मशीनचा खडखडाट आमच्या छतातून पाझरत असतो. आज हातात अर्धवट शिवलेली बाही होती.

"काय झालं गं? दोघी मायलेकी एकदम का रडायल्या?"

मी स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा वर सरकवला, खाली सरकवला.

"ह्ये कागदावर छापून येतंय का?"

"मावशी, दिसतंय म्हणजे येणारच की!"

"माझ्या बाहीवर बी खडू दिसतोय. गिऱ्हाइकाच्या अंगावर दिसंल का? छापून तर बघ."

प्रिंटर कुठला घरात! पण छापण्याआधी पान कसं दिसेल ते बघायची सोय असते, ती उघडली. पांढरंशुभ्र पान. एक ठिपका नाही, एक बगळा नाही. मी बंद करून परत उघडलं. माझा विश्वासच बसेना.

"मग या खुणा घालवायच्या कशा?"

"जिनं खडू मारलाय तिला इचार की."

ओवीला मांडीवर घेतलं. "बगळा कुठंय गं?" तिने वरच्या पट्टीतल्या एका इवल्याशा चौकोनावर बोट आपटलं. तिथे तेच चिन्ह बसलं होतं. ते दाबलं, सगळे उडाले. पुन्हा दाबलं, सगळे आले. दहा मिनिटं ती शांतपणे हेच करत असणार.

साडेतीन वाजले होते. मी बगळे घालवून टाकणारच होते, तेवढ्यात अंबुबाई म्हणाल्या, "ह्ये हितं सातजण का उभे हायत?"

चौदाव्या सूचनेच्या वर सात बगळे, एकाखाली एक. म्हणजे बगळा ही एंटरची खूण होती, आणि ठिपका स्पेसची. कुणीतरी ती सूचना पुढच्या पानावर ढकलायला सात वेळा एंटर मारलं होतं! आणि तक्त्याशेजारी ठिपक्यांची रांगोळी, कारण रकाने स्पेस दाबदाबून सरळ केले होते. खुणा नसत्या तर मला हे दिसलंच नसतं. मग खुणा तशाच ठेवून सगळी फाइल उसवली आणि पुन्हा शिवली. अंबुबाई ओवीला वर घेऊन गेल्या. तीन चौपन्नला मेल गेला.

सोमवारी शैला मॅडमचा फोन. "अहो, त्या कागदात एक शब्द वाढवला की सगळं खाली घसरायचं. आम्हाला वाटायचं कॉम्प्युटरच खराब आहे. तुम्हाला कसं सापडलं?"

"माझ्याकडे घरी एक तपासनीस आहे," मी म्हटलं. संध्याकाळी स्वानंदला हे सांगितलं तेव्हा त्याला वाटलं, त्याच्याबद्दलच बोलले. वाटू दिलं.

आता शुक्रवारी मी चाकणला जाते आणि ओवी अंबुबाईंकडे असते. गप्पपणाचा नियम मी आता कडक पाळते, फक्त ओवीपुरता नाही. मागच्या मंगळवारी दुपारी छतातून खडखडाट येईना. अर्धा तास झाला, पाऊण झाला. हातातलं काम टाकून, ओवीला कडेवर घेऊन जिना धावत चढले. अंबुबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. स्टुलावरून घसरून पाय मुरगळला होता, आणि फोन शिलाईच्या ढिगाखाली.

"हाक का नाही मारली?"

"तू येणारच हुतीस की. मशीन बंद हाय न्हवं."

पाय आता बरा आहे. पण मला तेव्हापासून एक सवय लागली आहे, ती तुम्हालाही लावावी म्हणते. तुमच्या वर, खाली, शेजारी कुणीतरी दिवसभर एकटं असेल. त्यांचा रोजचा काहीतरी आवाज असेल, मिक्सर, टीव्ही, खोकला. आज तो ऐकलात का? नसेल आठवत, तर जरा जाऊन बघून या.