साहेबाचा शब्द मी ऐकला

मी महिपतच्या गाडीचा तांबडा बैल. बाळकुमच्या गोठ्यात बांधलेला असतो. हल्ली मला रवंथसुद्धा सुचत नाही. का, ते सांगतो. पण माझ्या चालीनं सांगेन.

वासरू होतो तेव्हा महिपतची नवी नवरी गोदा हिनंच मला पेंढा घातला. पुढं मला खच्ची केलं, वेसण टोचली. माझ्यापासून वासरू होणार नाही हे गावाला ठाऊक, पण कुणी कधी टोमणा मारला नाही. बैल ओढतो ना, मग झालं. गोदा तर माझ्याहून जास्त राबायची, मिठागरात टाचा फुटेस्तोवर. तरी तिला बारशाला कुणी बोलवत नसे. सासू रंगूबाई म्हणायची, "माझ्या लेकानं खाऱ्या खाजणात बी टाकलं, काय उगवायचं?"

एकदा कल्याणच्या बाजारात भात घालून महिपतनं गाडी आगगाडीवाल्यांच्या दवाखान्यापाशी सोडली. नवरा-बायको आत गोऱ्या डॉक्टरसाहेबाकडं गेली. बऱ्याच वेळानं पायरीवर आली, मागोमाग बंगाली कंपाउंडर.

"बाबू, साहेब ते स्टरिलिटी बोलला, म्हंजे काय?" महिपतनं विचारलं.

बाबू आधी आपल्या बंगालीत बोलला, "बोंध्यात्तो." मग मोडक्यातोडक्या मराठीत, "पोर न होणं. आमच्या मुलखात पण हे बाईच्याच माथी मारतात. साहेब तसा नाय बोलला. बाई चांगली हाय. दोष तुझ्यात हाय."

त्या दिवशी महिपतनं मला जुंपताना जोताची गाठच चुकवली. वाटेत एवढंच बोलला, "गोदे, आयेला नको सांगू."

"बरं," गोदा म्हणाली.

तिथंच घात झाला. शिमगा सरला नि मलाच रंगीत झूल घालून माजिवड्याला नेलं. गाडीत बसून आली ती गोदाची सवत, मालन. माझं पाऊल उचलत नव्हतं. चाबूक खाल्ला, तेव्हा चाललो.

आता रंगूबाई मालनलाही तेच बोलते. तिसरी कुठं मिळते ते बघतेय.

आज मालन माझ्या गव्हाणीशी बसून रडत होती. "बाय, माझंच नशीब खोटं."

गोदा शेण भरत होती. तिनं पाटी खाली ठेवली, हात धुतले. "ऊठ. आयेकडं जाऊ. कल्याणला काय कळलं ते सांगते मी."

दारात महिपत उभा होता. "गोदे, माझी अब्रू जाईल."

"आमची रोज जाते. सरा बाजूला."

तो सरला.

दोघी आत गेल्यात. मी दावं ताणून उभा आहे. बाबांनो, आतून फक्त गोदाचा आवाज येतोय. तिचं पुरतं होईस्तोवर कुणी मध्ये बोलू नका.