नुसता बेस

"तो एकटा नको वाजवूस," म्हणत हेझलने ब्रायोनीचं मनगट धरलं.

ब्रायोनीचं बोट आवाजाच्या मिक्सरवरच्या बटणाला टेकलेलं, तसंच राहिलं. बाई थट्टा करताहेत असं वाटून ती हसलीसुद्धा. पण मनगट सुटलं नाही.

"नुसता बेस काय ऐकायचा?" हेझल म्हणाली. "सगळं एकत्र लाव. गाणं आहे ते."

"गाणं हजार वेळा ऐकलंय मी, हेझल. मला नुसता बेसच ऐकायचाय. त्यासाठी तर तुम्हाला बोलावलं."

हेझलने हात मागे घेतला आणि चहाचा मग उचलला. तो रिकामा होता. तरी तिने तो ओठांना लावला.

लीड्समध्ये कालव्याकाठच्या जुन्या गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर हा स्टुडिओ होता. खिडकीला जाड पडदा आणि भर दुपारी आत दिवा. ब्रायोनी सग्डन सव्वीस वर्षांची. जुन्या टेपा दुरुस्त करून देणं हे तिचं काम, आणि शनिवारी ती स्वतःच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायची. आजची टेप चाळीस वर्षांची होती. 'कोल्ड बॉबिन' या पंक बँडची एकुलती एक रेकॉर्ड तिच्यावर होती; ब्रायोनी बेस शिकली ती हीच रेकॉर्ड ऐकून. बँडचा गायक क्लाइव्ह अ‍ॅक्रॉइड मार्चमध्ये वारला, आणि ती रेकॉर्ड नव्याने काढायचं त्याच्या बहिणीने मनावर घेतलं. उरलेले दोघे आज इथे होते. बेस वाजवणारी हेझल थॅकरे, आणि मागच्या सोफ्यावर मांडीवर कोट घेऊन बसलेला, ड्रम वाजवणारा एव्हर्टन प्रेंटिस.

"टेप चिकट झाली होती," ब्रायोनी वातावरण हलकं करायला म्हणाली. "आठ तास मंद आचेवर ओव्हनमध्ये ठेवली, तेव्हा कुठे फिरायला लागली. अजून थोडे दिवस चालेल, पुढचं सांगता येत नाही."

"आमच्यापेक्षा बरं आहे मग तिचं," एव्हर्टन म्हणाला.

हेझल हसली नाही. ती आल्यापासून भिंतीकडे पाठ करून बसली होती. भिंतीवर ब्रायोनीने एका संगीत-मासिकातलं पान लावलं होतं. पंक आणि न्यू वेव्हच्या काळातले सर्वांत प्रभावी चाळीस बेसवादक. त्यात एकोणिसावा क्रमांक हेझलचा. फोटोत ती बावीस वर्षांची होती, केस स्वतःच कात्रीने कापलेले, गिटार गुडघ्यापर्यंत लोंबलेली. खाली लिहिलं होतं, 'हिने आम्हाला न वाजवायला शिकवलं.' आत येताना हेझलने ते एकदा वाचलं आणि खुर्ची फिरवून घेतली.

"एक मात्र मला कळत नाहीये," ब्रायोनी म्हणाली. "'फायर डोअर' गाण्यात बेस दोनदा आहे. तिसऱ्या ट्रॅकवर एक आणि अकराव्यावर एक. डब्यावरची शाई पुसून गेलीय. तुम्ही दोनदा वाजवला होतात का?"

हेझलने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "मला साडेतीनची बस आहे."

"अजून दीड तास आहे," मागून एव्हर्टन म्हणाला.

"तुला कुणी विचारलं?"

ब्रायोनीने एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग तिने एकेका ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या मिक्सरवरच्या सगळ्या पट्ट्या खाली ओढल्या, फक्त अकरावी वर नेली, आणि टेप सुरू केली.

आधी नुसती घरघर. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग एक पुरुषी, जरा घोगरा आवाज: "केव्हाही सुरू करा, साहेब."

आणि बेस. ना गाणं, ना ड्रम. फक्त जाड तारांचे ठोके, एकामागोमाग एक, खालच्या मजल्यावर कुणी ठरावीक पावलं टाकत चालावं तसे. चार सूर, मग एक जागा रिकामी, मग पाचवा. हेझल आपल्या गुडघ्यांकडे बघत होती. तिच्या डाव्या हाताची बोटं तळव्यात रुतली होती.

ब्रायोनीने टेप थांबवली. "हा कोण?"

आता न सांगून चालण्यासारखं नव्हतं. चाळीस वर्षं हेझल या एका प्रश्नाला भीत आली होती. विचारणारा कुणी जाडजूड पुस्तक लिहिणारा असेल, रेडिओवाला असेल, असं तिला वाटायचं. समोर बसली होती एक पोरगी, आणि तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना तारांनी घट्टे पडले होते.

"लेन हॉलोवे," ती म्हणाली. "लंडनचा. मोठमोठ्या लोकांसाठी वाजवायचा, नाव कुठे छापून यायचं नाही. हे तोच वाजवतोय. सगळी सहा गाणी त्याचीच आहेत, पोरी. तू ज्यावरून शिकलीस ते माझं नाहीच."

मागे सोफा करकरला.

"सांगून टाकायला हवं होतं," हेझल म्हणाली. "त्या मासिकवाल्यांनाही सांगायला हवं होतं. त्यांनी फोन केला तेव्हा मी म्हटलं, घरात पाहुणे आहेत."

ते घडलं होतं एकोणऐंशीच्या नोव्हेंबरात, लंडनच्या एका स्टुडिओत. तोवर हेझल शिवणकारखान्यात बाह्या जोडायची आणि रात्री एका पबच्या मागच्या खोलीत वाजवायची. बेस तिला कुणी शिकवला नव्हता. कानाला बरं वाटेल तिथे बोट ठेवायचं आणि काही सुचलं नाही तर गप्प राहायचं, एवढीच तिची पद्धत. रेकॉर्ड कंपनीचा माणूस पेनफोल्ड, त्याने तिने दोन वेळा वाजवलेलं 'फायर डोअर' ऐकलं आणि तिला बाहेर बोलावलं. कोटाच्या खुंट्यांजवळ उभं राहून, अगदी मऊ आवाजात तो म्हणाला, "स्टेजवर तूच. कव्हरवर फोटो तुझा, नाव तुझं. टेपवर मात्र लेन वाजवेल. असं सगळीकडेच करतात, कुणाला कळतसुद्धा नाही."

ती आत आली तेव्हा क्लाइव्ह गिटारच्या तारा जुळवत होता, आणि त्याने मान वर केली नाही. लेन मात्र चांगला माणूस निघाला. त्याने सँडविच बाजूला ठेवलं, रुमालाला हात पुसले आणि म्हणाला, "दाखव बघू कसं ते." दोन तास ती त्याच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि आपली सहाही गाणी तिने त्याला एकेक सूर करून दिली. मग बाथरूमला जाते म्हणून उठली, गिटार तिथेच भिंतीला टेकवली, आणि व्हिक्टोरिया स्थानकावरून लीड्सची बस धरली. त्यानंतर तिने बेसला हात लावला नाही. तीस वर्षं तिने खेड्यापाड्यांतून ग्रंथालयाची गाडी चालवली. दुकानात कुठे 'फायर डोअर' लागलं की ती हातातली टोपली खाली ठेवून बाहेर पडायची.

एवढं सगळं तिने सांगितलं नाही. पेनफोल्डचं सांगितलं, लेनचं सांगितलं.

ब्रायोनी मिक्सरकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते. मग ती म्हणाली, "बरं," आणि पुन्हा, "बरं."

"काय बडबडतेस गं तू?" एव्हर्टन म्हणाला.

हेझल वळली. दोघंही लीड्समध्येच राहिले होते, पण गाव सोडून गेल्यासारखे. चाळीस वर्षांत तीनदा भेट, तीही कुणाच्या ना कुणाच्या अंत्यविधीला. या विषयावर एकदाही बोलणं झालं नव्हतं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "काचेपलीकडे बसून बघत होतास."

"बघत होतो. मला वाटलं, तू त्या लंडनवाल्याला शिकवणी देतेयस. मजा वाटत होती मला. परत मान वर केली तर तुझी खुर्ची रिकामी." त्याने मांडीवरचा कोट बाजूला टाकला. "हेझल, तू ती रेकॉर्ड ऐकली नाहीस?"

"नाही."

"कधीच?"

"कशाला ऐकू?"

एव्हर्टन सोफ्यावरून उठून पुढे आला. मग ब्रायोनीला म्हणाला, "बाळ, ती छापलेली रेकॉर्ड आहे ना तुझ्याकडे? ती लाव. आणि तिच्यासोबत हा अकरावा."

ब्रायोनीने लावलं. गाणं सुरू झालं आणि हेझल अर्धवट उठली, पण गाडी चालवताना ब्रेकवर ठेवावा तसा पाय जमिनीवर रोवून पुन्हा बसली. पहिल्या चार सुरांपर्यंत ठीक होतं. मग रिकामी जागा आली आणि दोन बेस एकमेकांवर आदळले, एकाच दारातून दोघांनी घुसावं तसे. लेनचा पाचवा सूर वेळेवर पडला. रेकॉर्डवरचा जरा थांबून आला.

"आता तिसरा," एव्हर्टन म्हणाला.

तिसऱ्या ट्रॅकच्या सुरुवातीला खुर्ची सरकली नाही, 'साहेब' ऐकू आलं नाही. कुणीतरी मोठा श्वास घेतला, एवढंच. मग रेकॉर्ड आणि टेप एकत्र चालू लागली, आणि कुठे एक संपते, कुठे दुसरी सुरू होते ते कळेना. ब्रायोनीने रेकॉर्ड हळूहळू बंद केली. बेस एकटाच राहिला. चार सूर. शांतता, थोडी लांबलेली, पाचवा येतोय की नाही अशी शंका यावी इतकी. मग तो आला.

हेझलने दोन्ही हात मिक्सरच्या कडेवर ठेवले.

"लेन घड्याळासारखा होता," एव्हर्टन म्हणाला. "माझा पाय कुठे पडायचा ते तोच मला सांगत होता. चार वेळा केलं आम्ही. मग मी काठ्या ठेवल्या आणि सरळ जमिनीवर आडवा झालो. म्हटलं, तिला आणा नाहीतर मी इथेच झोपतो. पेनफोल्ड रागाने नुसता नाचत होता. क्लाइव्ह रडायला लागला. शेवटी लेनच म्हणाला, 'अहो, ठेवा की मुलीचं, ती सकाळची टेप आहे ना? मला पाचला दुसरीकडे जायचंय.' आणि गेला. बाकीच्या पाच गाण्यांचंही तुझंच घेतलं, तालमीसाठी आदल्या दिवशी टेप केलेलं."

"कुणी सांगितलं नाही मला."

"चार फोन केले तुझ्या घरी. तुझी आई म्हणायची, हेझल घरी नाही."

"मीच सांगून ठेवलं होतं तिला."

"मग?"

"पत्र लिहायचं होतंस."

"मी? मी पत्र लिहिणाऱ्यातला वाटतो तुला?" त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "आणि क्लाइव्ह रेकॉर्ड घेऊन आला होता ना तुझ्या दारात. फेब्रुवारीत. तुझ्या आईच्या हातात दिली त्याने."

"दिली होती," हेझल म्हणाली. "माळ्यावर आहे. अजून कागदातच."

टेप केव्हाच गाण्याच्या टोकाला जाऊन थांबली होती. हेझल उठली, दार ढकलून बाहेर जिन्यात गेली. तिची पावलं खाली उतरल्याचा आवाज आला नाही, की वर चढल्याचाही. ब्रायोनी उठायला लागली तशी एव्हर्टनने हात आडवा केला.

पाचेक मिनिटांनी ती आली. तोंड धुतलेलं होतं आणि बाहीचं टोक ओलं. तिने खुर्ची मिक्सरच्या जवळ ओढली.

"तिसरा लाव परत," ती म्हणाली. "मोठ्याने."

ब्रायोनीने आवाज वाढवला. हेझल मान तिरकी करून ऐकत होती, एखाद्या अनोळखी घरातून आतली माणसं बोलताना ऐकावीत तशी. दुसऱ्या कडव्यात तिच्या ओठांची कड हलली. तिसऱ्यात कपाळाला आठी पडली.

"थांब. जरा मागे घे. हं, इथे. घाई केलीय मी."

"केसाएवढी," ब्रायोनी म्हणाली. "मशीनवर नीट करता येईल. कुणाला पत्ता लागणार नाही."

"खबरदार हात लावशील तर."

"तेव्हाच मी ओरडलो होतो," एव्हर्टन म्हणाला, "की पळू नकोस."

"तू मागे पडत होतास, म्हणून मला पळावं लागलं."

"मी मागे? हेझल, चाळीस वर्षांनी तोंड उघडलंस ते हे बोलायला?"

"मग कधी बोलू?"

ब्रायोनीने टेप पुढे जाऊ दिली. गाणं संपलं; मध्ये लांबलचक घरघर, कुणाचं तरी खोकणं, ड्रमच्या काठ्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज. हेझलची बोटं खुर्चीच्या हातावर आपोआप जागा शोधू लागली, आणि अडखळून थांबली.

"यानंतर कुठलं गाणं गं होतं?" एव्हर्टनने विचारलं, आणि मग स्वतःलाच आठवून त्याने तोंड उघडलं.

हेझलने त्याच्याकडे न बघताच हात वर केला.

"सांगू नकोस," ती म्हणाली.